बाघचा शिंपला, जर्मनीची खाण

शिरपूरहून एक निवृत्त गणित शिक्षक लिहितात :
बाई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी मध्य प्रदेशातली बाघची लेणी बघायला गेलो होतो. परतताना एका नाल्याच्या काठी चुनखडीत शिंपलेच शिंपले दिसले. तिथून समुद्र केवढा लांब! गाडीतल्या एका पाहुण्यांनी माहिती पुरवली, की हा दगड आणि जर्मनीतल्या एका खाणीतला दगड साधारण एकाच वयाचे, आणि ते शिंपल्यांवरूनच ठरतं. माझं डोकं गणिताचं. दगडाचं वय शिंपल्यावरून आणि शिंपल्याचं वय दगडावरून काढायचं, म्हणजे साध्यच गृहीत धरून सिद्धता मांडणं झालं. असल्या उत्तराला मी भोपळा द्यायचो. तुमचं काय म्हणणं?

भोपळा देण्याआधी उत्तरपत्रिका पुरती वाचा, सर. यात दोन वेगळी गणितं आहेत आणि तुमच्या पाहुण्यांनी ती एकाच ओळीत उरकली. आधी कोण आणि नंतर कोण, हे पहिलं. किती वर्षांपूर्वी, हे दुसरं. पहिल्याला वर्षांचा आकडा लागतच नाही. थर उलटेपालटे झालेले नसतील तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा, एवढंच गृहीतक पुरतं.

विल्यम स्मिथ हा इंग्लंडमधला मोजणीदार. कोळशाच्या वाहतुकीसाठी कालवे खणले जात होते, त्या कामावर तो होता. चरांच्या भिंती बघताना त्याच्या ध्यानात आलं, की रंगारूपाने सारखे दिसणारे दोन थर आतल्या जीवाश्मांवरून वेगळे ओळखता येतात. शिवाय एका खोऱ्यात खालून वर जाताना जीवाश्म ज्या क्रमाने भेटतात, त्याच क्रमाने ते पुढच्या खोऱ्यातही भेटतात. या जोरावर त्याने १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा काढला. पृथ्वीचं वय तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. डार्विनचा ग्रंथ १८५९चा, म्हणजे उत्क्रांतीचाही आधार नव्हता. तरी नकाशा जमला, कारण क्रम हा निव्वळ पाहून, पुन्हा पाहून आणि तिसऱ्या ठिकाणी ताडून ठरवलेला होता. त्यात गृहीत धरलेलं साध्य कुठेच नाही.

वर्षांचा आकडा येतो राखेतून. अमेरिकेच्या पश्चिम भागात, कोलोरॅडो-कॅन्सस वगैरे राज्यांत, क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळात, उत्तर-दक्षिण पसरलेला एक उथळ समुद्र होता. त्याच्या पश्चिमेला ज्वालामुखी होते. उद्रेक झाला की राख उडायची आणि समुद्राच्या तळावर तिचा पातळ थर बसायचा. त्या थराची आज पांढुरकी, भिजली की फुगणारी माती झाली आहे. तिच्यात झिरकॉनचे किंवा पोटॅशियम असलेल्या फेल्डस्पारचे स्फटिक सापडतात, आणि त्यांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून प्रयोगशाळेत वय काढता येतं. या कामात शिंपल्याला कोणी काही विचारत नाही. मग राखेच्या दोन थरांमध्ये कुठला शिंपला आहे ते पाहिलं, की त्या शिंपल्याला आकडा मिळतो. तोच शिंपला राख नसलेल्या ठिकाणी सापडला, तर आकडा तिकडे नेता येतो. सर, वर्तुळ इथे तुटतं. मी तरी पैकीच्या पैकी देईन. मात्र एका अटीवर, आणि तुमच्या पाहुण्यांची गाडी नेमकी तिथे अडते.

अट अशी, की शिंपला योग्य हवा. नाल्याच्या काठी खच पडल्यासारखे दिसलेले ते शिंपले बहुधा कालवांचे असणार. बाघच्या थरांत कालवं भरपूर आहेत. पण त्यांच्यावरून जर्मनीशी नातं जोडायला जाऊ नये. एक तर कालव ज्या दगडाला चिकटतं त्याच्या चढउतारांप्रमाणे स्वतःचा आकार घडवतं. एकाच आईची पिल्लं दोन जागी वाढली तर दोन जाती वाटाव्यात. दुसरं, उथळ किनारा किंवा खाडीचं तोंड मिळालं, की कुठल्याही काळात कालवांचा थर तयार होऊ शकतो. समुद्र हळूहळू जमिनीवर चढत असेल तर किनारा आत सरकतो आणि त्याच्याबरोबर कालवंही सरकतात. मग तुम्हाला एकसलग दिसणारा कालवांचा थर एका टोकाला जुना आणि दुसऱ्या टोकाला बराच नवा असू शकतो. त्यावर सरळ रेघ मारणारा माणूस काळाची नव्हे, किनाऱ्याची रेघ मारत असतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या फील्ड रिपोर्टांत ही रेघ दर वर्षी कोणीतरी मारायचंच, आणि मी तिथे लाल शाई वापरायचे.

दूरदूरच्या थरांची वयं जुळवायच्या कामाचा, म्हणजे जुळणीला लागणारा, शिंपला वेगळा. त्याचं नाव इनोसेरॅमस, आणि त्याचं गोत्र मोठं आहे. माझ्या टेबलावर बाघच्या चुनखडीतला एक तुकडा आहे, त्याचंच वर्णन करते. तळहाताच्या निम्मा, तपकिरी. वरच्या पृष्ठावर एकाआड एक वळ्या, चोचीकडे, म्हणजे बिजागरीजवळच्या टोकाकडे, जवळजवळ आणि कडेकडे जाताना दूर दूर. खरी ओळख मात्र तुटलेल्या कडेला आहे. दहापट भिंग लावलं, की कवचाच्या जाडीभर काड्यापेटीतल्या काड्यांसारखे कॅल्साइटचे लोलक दाटीने उभे दिसतात, सगळे पृष्ठाला काटकोनात. सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर फेस येतो, पण आजूबाजूच्या चुनखडीलाही येतो, तेव्हा आम्लाचा इथे उपयोग नाही. भिंग पुरे. शिंपला फुटून चुरा झाला तरी हे लोलक सुटे होऊन गाळात राहतात, आणि खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की इनोसेरॅमसची हजेरी लागते. जात मात्र चुऱ्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी वळ्यांची ठेवण, चोचीचा कल, झडपेचा फुगवटा, ती कुठल्या दिशेने वाढत गेली, हे सगळं पाहावं लागतं. बिजागरीपाशी अस्थिबंधासाठी खळग्यांची एक ओळ असते, ती शाबूत मिळाली तर नशीबच.

ही मंडळी जुळणीला का चालतात? पिल्लावस्थेत ती पाण्यात तरंगत आणि प्रवाहाबरोबर लांब लांब जात. त्यामुळे एकच जात दोन-तीन खंडांवर मिळते. खोल आणि उथळ, गाळाचे आणि चुनखडीचे, असे बरेच तळ त्यांना मानवत. त्यांच्या जाती भराभर बदलत. पुष्कळ जातींचा मुक्काम दहा लाख वर्षांच्याही आतला. आणि एक व्यवहारी कारण. क्रिटेशस खडकांच्या जुळणीत पहिला मान अमोनाइटांचा, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या नामशेष समुद्री जीवांचा, पण त्यांचं कवच अॅरॅगोनाइटचं, कॅल्साइटहून सहज विरघळणारं. मऊ पांढऱ्या चुनखडीत, ज्याला चॉक म्हणतात त्यात, ते विरघळून जातं. इनोसेरॅमसचा बाहेरचा कॅल्साइटी थर टिकतो. म्हणजे पहिल्या मानाचे पाहुणे आलेच नाहीत, तर कार्य यांच्यावर निभावतं.

आता तुमची जर्मनी. लोअर सॅक्सनीत झाल्त्सगिटर-झाल्डर इथे चुनखडीची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. क्रिटेशसचे जे टप्पे पाडले आहेत त्यांतला ट्युरोनियन संपून कोनियाशियन सुरू कुठे होतो, ते जगासाठी या खाणीतल्या एका ठरावीक थराच्या तळाशी मानायचं, असं आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने २०२१ साली पक्कं केलं. खूण कोणती? क्रेम्नोसेरॅमस डिफॉर्मिस इरेक्टस हा इनोसेरॅमसच्याच गोत्रातला शिंपला पहिल्यांदा दिसतो ती जागा. त्याच्या पुढच्या टप्प्याची, सॅन्टोनियनची, सुरुवातही अशाच शिंपल्यावर टांगलेली आहे. ती जागा उत्तर स्पेनमधल्या ओलाझागुतिया इथल्या खाणीत, आणि शिंपला क्लॅडोसेरॅमस अंडुलॅटोप्लिकॅटस. ही जात फर्डिनांड रोमरने १८५२ साली वर्णिली ती टेक्ससमधल्या नमुन्यांवरून. तिच्या गोल वळ्यांना फाकत जाणाऱ्या कण्या छेदतात, त्यामुळे बोटाएवढ्या तुकड्यावरूनही ती ओळखू येते. टेक्ससचा शिंपला स्पेनमध्ये जगाची खूण होतो, यापेक्षा त्याच्या भटकंतीचा पुरावा कोणता हवा?

बाघकडे येऊ. इथल्या थरांच्या वयाचा वाद फार जुना आहे. कीटिंग नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जमवलेले सी-अर्चिन लंडनला मार्टिन डंकनकडे गेले, आणि त्याने १८६५ साली त्यांचं साम्य अरबस्तानच्या आणि युरोपातल्या सेनोमेनियन, म्हणजे ट्युरोनियनच्या आधीच्या टप्प्यातल्या, जीवांशी दाखवलं. पुढे १८८४ साली प्रमथनाथ बोस यांनी नर्मदा खोऱ्याच्या या पट्ट्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी मयूरभंजचं लोहखनिज दाखवणारे ते हेच बोस. खाली निमाड वालुकाश्म, त्यावर गाठीगाठींची चुनखडी, आणि सगळ्यांत वर प्रवाळाची म्हणून ओळखली जाणारी चुनखडी, जिच्यात प्रवाळ नसून ब्रायोझोआ नावाचे बारके जीव खच्चून भरलेले आहेत, ही विभागणी तेव्हापासून थोड्याफार फरकाने चालत आली आहे. १९७०च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतल्या चिपळूणकर आणि बडवे यांनी बाघच्या जीवाश्मांवर लेखांची मालिकाच लिहिली, त्यांतला एक लेख खास इनोसेरॅमसच्या गोत्रावर आहे. मराठी माणसांनी केलेलं हे काम इतकं मुरलेलं असून आपल्याकडे त्याची कोणाला गंधवार्ता नाही, हे मला नेहमी खटकतं.

आज गाठींच्या चुनखडीला बरेच अभ्यासक ट्युरोनियन मानतात, म्हणजे सुमारे ९ कोटी ४० लाख ते ९ कोटी वर्षांच्या मधली. त्याला इनोसेरॅमसांइतकाच प्लासेंटिसेरास या अमोनाइटाचाही आधार आहे. वरची ब्रायोझोआंची चुनखडी कोनियाशियन धरतात. म्हणजे जर्मनीतली ती सीमा बाघमध्ये कुठेतरी या दोन थरांच्या आसपास पडते. पाहुण्यांचं म्हणणं साफ चूक नव्हतं. फक्त 'एकाच वयाचे' हे शब्द ऐकताना लाखो वर्षांची सूट ठेवा, आणि एका शिंपल्यावर विसंबू नका. एखादी जात बाघला उशिरा पोचलेली असू शकते. म्हणून आम्ही एकच जात न बघता तिच्या खालच्या आणि वरच्या जातींचा क्रम बघतो. झाल्त्सगिटरला इरेक्टसच्या खाली क्रेम्नोसेरॅमस वॉल्टर्सडॉर्फेन्सिस आहे. असा खालचा-वरचा शेजार दुसरीकडेही त्याच क्रमाने मिळाला, तर हिंमत वाढते. जुन्या याद्यांपासूनही जपून राहा. शंभर वर्षांपूर्वी ज्याला सरसकट इनोसेरॅमस लॅबिएटस म्हणत, त्यातून आता मायटिलॉइडिस या प्रजातीच्या कितीतरी जाती वेगळ्या काढल्या आहेत. जुनी यादी घेऊन नवी जुळणी करणारे शोधनिबंध मी वाचले आहेत आणि वाचून बाजूला ठेवले आहेत.

एम. एस्सी.ची एक विद्यार्थिनी, पुणे :
कच्छच्या अभ्याससहलीआधी वाचताना असं दिसलं, की तिथल्या उमियाच्या थरांना किचिन या अभ्यासकाने शिंपल्यांवरून एक वय दिलं आणि स्पॅथने अमोनाइटांवरून दुसरं. खडक एकच, मग दोन वयं कशी?

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. पाठ्यपुस्तकात हा वाद दोन ओळींत आटोपतात आणि त्यातली गंमत हरवते.

शिंपला म्हणजे ट्रायगोनिया. तिकोनी, जाड कवचाचा, बाजूवर ठसठशीत कडा आणि मागच्या पट्टीवर निराळी नक्षी. भुजच्या परिसरात गेलीस की हातात येईलच. उथळ, हलत्या पाण्यात, वाळूत अर्धवट रुतून राहणारा हा जीव. क्रिटेशसअखेर हे घराणं बुडालं असा समज होता. मग १९व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रेंच मोहिमेतल्या पेराँला ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला त्याचा वंशज मिळाला, आणि लामार्कने १८०४ साली त्याचं वर्णन केलं. आजही या घराण्याचा तेवढाच धागा उरला आहे, तोही फक्त ऑस्ट्रेलियाभोवती.

कच्छच्या ट्रायगोनिया पहिल्यांदा लंडनला पोचवणाऱ्यांत मुंबई लष्कराचा कॅप्टन वॉल्टर स्मी होता. त्याच्या संग्रहावर टिपण लिहिलं ते कर्नल साइक्सने. आपल्या दख्खनचे आकडे गोळा करणारा तोच साइक्स. सोवर्बीने १८४० साली एका जातीला ट्रायगोनिया स्मीआय असं नाव दिलं. फिनले किचिनने १९०३ साली कच्छच्या सगळ्या ट्रायगोनियांवर जाडजूड प्रबंध लिहिला, आणि वर्णनं आजही वाचावीत अशी आहेत. त्याला कच्छच्या काही जाती दक्षिण आफ्रिकेतल्या उइटेनहागेच्या जातींसारख्या दिसल्या. उइटेनहागेचे थर क्रिटेशसच्या आरंभाचे, म्हणून उमियाही त्याच वयाचे, असा त्याचा हिशोब. पुढे टांझानियातल्या टेंडागुरूचा प्रश्न आला. १९०९ ते १९१३ या काळात जर्मनांनी तिथून प्रचंड डायनासोर खणून बर्लिनला नेले होते. डायनासोरांच्या थरांमध्ये समुद्री थर आहेत, आणि त्यांतल्या एकाला ट्रायगोनिया स्मीआयचा थर असंच नाव पडलं होतं. किचिनने १९२९ साली तोच दोरा पुढे ओढला आणि टेंडागुरूच्या मधल्या-वरच्या थरांतले डायनासोरही क्रिटेशसचे ठरवले. स्पॅथ त्याच सुमाराला कच्छचे अमोनाइट नव्याने तपासत होता. त्याच्या मते उमियाचा अमोनाइटांचा भाग क्रिटेशसच्या आधीच्या जुरासिकच्या शेवटच्या टप्प्यातला, टिथोनियनचा.

टेंडागुरूच्या बाबतीत आज कौल जुरासिकच्या बाजूने आहे. मधले आणि वरचे मुख्य डायनासोर थर जुरासिकच्या उत्तरार्धात मोडतात. उमियाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. खालचा भाग टिथोनियन, पण वर चढलं की क्रिटेशस खरोखरच सुरू होतो. तेव्हा किचिनला मूर्ख ठरवू नकोस.

तो फसला कुठे, ते बघ. वाळूच्या तळात रुतून राहणारा, किनारा न सोडणारा जीव साम्य दाखवतो ते पुष्कळदा राहणीचं. सारख्या वाळूत, सारख्या लाटांत सारखी कवचं घडतात. आणि किनारा धरून राहणाऱ्या जीवांच्या जाती त्या त्या समुद्रापुरत्या असतात. कच्छ आणि पूर्व आफ्रिका तेव्हा गोंडवन हा दक्षिणेचा जुना महाखंड फाटताना तयार झालेल्या एकाच अरुंद समुद्राच्या काठांवर होते, त्यामुळे दोघांच्या ट्रायगोनिया नात्यातल्या आहेत हे खरं. पण नात्यातल्या म्हणजे त्याच नव्हेत. टेंडागुरूच्या त्या शिंपल्याची आता वेगळी जात मानतात, इंडोट्रायगोनिया आफ्रिकाना, आणि थराचं नावही बदललं आहे. कच्छवाल्या स्मीआयचं नाव तिथे वर्षानुवर्षं उसनं वापरलं गेलं. भूगोल जुळवायला, कोणता किनारा कोणत्या किनाऱ्यासमोर होता हे सांगायला, ट्रायगोनिया उत्तम. दूरच्या काळजुळणीला ती एकटी पुरत नाही. सहलीच्या वहीत प्रत्येक शिंपल्यापुढे तो कुठल्या दगडात मिळाला, वालुकाश्म की चुनखडी की पंकाश्म, हे लिहायला चुकू नकोस. नुसतं नाव लिहिणाऱ्या वह्या मी परत करायचे.

साताऱ्याहून एक वाचक :
आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात समुद्री जीवाश्म नाहीत. तरीही त्याचं वय आधी एका शिंपल्यावरून ठरलं होतं असं कुठेतरी वाचलं. कसं शक्य आहे?

शक्य झालं ते सिंधमध्ये. तुम्ही म्हणता तसं आपल्याकडे लाव्हाच्या दोन थरांमध्ये जे गाळाचे थर सापडतात, ते तळ्यांचे. नागपूरला हिस्लॉप या मिशनऱ्याने असे थर हुडकून त्यांतले गोड्या पाण्यातले शंख-शिंपले १८६० साली वर्णिले. फायसा प्रिन्सेपाय हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध शंख. हिस्लॉपने त्यांच्यावरून थर तृतीयक कल्पाचे, म्हणजे क्रिटेशसनंतरचे, मानले. पण तळ्यातला जीव त्याच्या तळ्यापुरता. त्यावरून युरोपातल्या समुद्री क्रमाशी गाठ घालणं म्हणजे अंदाजपंचे.

सिंधमध्ये लक्की डोंगररांगेत परिस्थिती वेगळी. तिथे समुद्री गाळ आहे, आणि त्या गाळाच्या जोडीने आपल्याच डेक्कन ट्रॅपचा म्हणून ओळखला जाणारा काळा लाव्हा आहे. विल्यम ब्लॅनफर्डने १८७०च्या दशकात तिथे काम केलं. लाव्हाच्या खालच्या थरांत एक गुबगुबीत, उभ्या कण्यांचा शिंपला मुबलक सापडतो. त्याला द'आर्शिआक आणि एम या फ्रेंच जोडीने कार्डिटा बोमोंटी असं नाव दिलं होतं. लाव्हाच्या वर राणीकोटचे थर, त्यांत तृतीयक जीव. म्हणजे लाव्हा दोहोंच्या मध्ये सापडला, खालून क्रिटेशसच्या अखेरीचा रेटा आणि वरून तृतीयकाचा. काळ्या पाषाणाला समुद्राच्या बाजूने लागलेला हा भक्कम खुंटा. कार्डिटा बोमोंटीचे थर क्रिटेशसचे शेवटचे की तृतीयकाचे अगदी पहिले, यावर मग बरीच वर्षं शाई सांडली. आँरी दुविये यांनी १९२०च्या दशकाअखेर त्यातल्या जीवांवर ग्रंथ लिहूनही ती आटली नाही. खरं सांगायचं तर वाद चालू राहिला, कारण शिंपला मुळात सीमेच्या अगदी जवळ बसलेला होता. आज माहीत आहे की लाव्हाचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे सीमा जिथे आहे नेमका तिथलाच.

हल्ली हे काम शिंपल्यांकडून फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म, एकपेशीय, कवचधारी जीवांकडे गेलं आहे. आंध्रात राजमहेंद्रीजवळ लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये समुद्री थर आहेत. त्यांतल्या तरंगत्या फोरॅमिनिफेरांवरून तो थर डायनासोर गेल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातला, डेनियनचा, निघाला. आणि तुम्हा सातारकरांसाठी सांगते, राजमहेंद्रीच्या त्या लाव्हाची रासायनिक घडण आंबेनळी आणि महाबळेश्वर इथल्या थरांशी जुळते. तो लाव्हा इकडून तिकडे वाहत गेला असं मानतात.

दापोली तालुक्यातून एक मच्छी-व्यावसायिक :
आमच्या किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट बसून झालेला दगड आहे. त्यात तिसऱ्या, कालवं ओळखू येतात. गावचे म्हणतात लाखो वर्षांचा. खरं का?

लाखो नसावा. तुम्हाला जे शिंपले बाजारात विकायच्या शिंपल्यांसारखे हुबेहूब ओळखू येतात, तीच अडचण आहे. आजही जगणाऱ्या जातींवरून थर नवा आहे एवढंच कळतं, किती नवा ते नाही. असल्या दगडाला कार्बन-१४ वापरतात. त्याची मजल साधारण ५० हजार वर्षांपर्यंत. मात्र शिंपल्याच्या निकालातून काही शे वर्षं वजा करावी लागतात, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा मुळातच जुना असतो. जगाचा सरसकट आकडा सुमारे ४०० वर्षांचा धरतात, किनाऱ्याकिनाऱ्याला तो बदलतो. आणि एक. दगडात पकडलेला शिंपला दगड होण्याआधी कितीतरी काळ वाळूत लोळलेला असू शकतो. म्हणून दोन्ही झडपा जुळलेल्या तिसऱ्या दिसल्या तर त्या नमुन्याला द्या, सुट्या, झिजलेल्या झडपा नकोत.

इंदूरहून इयत्ता सातवीतला वाचक :
मी बाघहून एक वळ्या असलेला शिंपला आणलाय. तो इनोसेरॅमस आहे का? कसा ओळखू?

आईकडून किंवा दुकानातून दहापट भिंग मिळव आणि शिंपल्याची तुटलेली कड बघ. उभे बारीक लोलक दिसले, तर बहुतेक तोच. कड घासू नकोस, ब्रशने नुसती धूळ झटक. शिंपला मिळाला ती जागा, तारीख आणि तो दगडात होता की खाली सुटा पडलेला, हे आजच चिठ्ठीवर लिही आणि चिठ्ठी शिंपल्याबरोबर एकाच डबीत ठेव. चिठ्ठी नसलेला जीवाश्म आमच्या उपयोगाचा नसतो. आणखी एक गोष्ट. बाघच्या परिसरातला काही भाग डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव आहे. तिथून काहीही उचलायचं नाही, खडाही नाही. तुझा शिंपला त्या हद्दीतला असेल तर बाबांना सांगून वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दे. हद्दीबाहेरचा असेल तर शेजारी पट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढ आणि मला पाठव. चोचीचा फोटो जवळून काढ, जात तिथूनच लागते.